खिडकीखालची भट्टी

माणशी किती मांस धरायचं, यावरून या घरात आजवर जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या घरांत जमिनीवरूनही होत नसतील. त्या शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती पुन्हा तेच चाललं होतं, आणि थोरलीला मनातून बरं वाटत होतं. भांडण मांसावर आहे तोवर ठीक. ते भट्टीवर घसरलं की पंचाईत.

"बासष्ट माणसं," आप्पा म्हणाले. "माणशी अर्धा किलो कच्चं. एकतीस किलो."

"आप्पा, त्यात पोरंटोरं आहेत," मधला म्हणाला. "पोरं दोन घास खातात आणि पळतात."

"पळतात आणि परत येतात. तू यायचास. सॉसेज खिशात घालून न्यायचास आणि तुझी आई चड्डीच्या खिशांतून चरबी धूत बसायची."

धाकटी खो खो हसली. ती आदल्या दिवशीच आली होती, बॅग अजून दारातच होती. मधल्यानेही हसून हात वर केले. त्याचा धंदा फ्रीज आणि थंड खोल्या दुरुस्त करण्याचा. बापाने आयुष्यभर आग सांभाळली आणि मुलाने बर्फ, असं आप्पाच लोकांना सांगत असत.

थोरली ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहून घेत होती. एकतीस किलो. त्यात खांद्याचे सहा मोठे तुकडे, बरगड्यांच्या दहा पट्ट्या, बाकीच्या वजनात कोंबड्या. जेवण पुढच्या रविवारी, म्हणजे खांदे गुरुवारी मिठाच्या पाण्यात घालायचे, शनिवारी पहाटे भट्टीत, संध्याकाळपर्यंत तयार. मग जाड कापडात गुंडाळून मधल्याच्या थर्माकोलच्या पेट्यांत. बरगड्या आणि कोंबड्या रविवारी सकाळी, ताज्या. पाव बेकरीतून. कोबीची कोशिंबीर धाकटी करणार होती, आणि ती नेहमीप्रमाणे गोड होणार होती, आणि नेहमीप्रमाणे तिला कुणी काही बोलणार नव्हतं.

हे जेवण आईनेच काढलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी उशीला टेकून बसल्या बसल्या म्हणाली, "एकदा सगळ्यांना बोलवा. मी असताना." ऊन असताना कपडे वाळत घाला म्हणावं, तितक्या सहज म्हणाली. त्या दिवसापासून आप्पांच्या अंगात वारं शिरलं. आई आजारी पडली तेव्हापासून चार महिने ते तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून नुसते बसायचे, आता सकाळी सहाला उठून फोन करायला लागले. कुणाकुणाला बोलावलं देव जाणे. अबोला धरलेल्या चुलतभावालासुद्धा त्यांनी "ये, बरगड्या आहेत" एवढंच सांगितलं, आणि तो म्हणे फोनवर रडला.

"आता भट्टीचं," आप्पा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

झालं. थोरलीचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला गेला. वीस वर्षं गाडी शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून तिला ती खोडच लागली होती. पण घरात काही शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक बसवलेला नसतो.

"भट्टी मी मागच्या भिंतीपासून हलवणार. हिच्या खिडकीखाली आणणार."

"खिडकीखाली?" मधला म्हणाला.

"खिडकीखाली. अगदी खाली नाही, बारा फूट. मी मोजलंय. हिची ती ऑक्सिजनची नळी खिडकीपर्यंत येते, तेही मोजलंय. आरामखुर्ची खिडकीशी लावायची. खिडकी उघडी ठेवायची. म्हणजे ही बसल्या जागी वास घेईल आणि सांगेल, अजून अर्धा तास, आता काढा. चार महिन्यांत हिला कुणी काही विचारलेलंच नाही. भात मऊ हवा का, दिवा मालवू का, हे काय विचारणं झालं?" त्यांचा आवाज फाटला. "तिला तिचं काम परत देऊ या."

धाकटीचे डोळे भरून आले. मधला टेबलाकडे बघत राहिला.

खरं सांगायचं तर त्यात वेड्यासारखं काहीच नव्हतं. निदान या घरात नव्हतं. एकेचाळीस वर्षं धुरी दिलेल्या मांसाचं दुकान चालवलं दोघांनी. आप्पा पुढे काउंटरवर, सुरी आणि जीभ दोन्ही धारदार, गिऱ्हाईक हसत आलं पाहिजे आणि पिशवी भरून गेलं पाहिजे. आई मागे, भट्टीपाशी. भट्टीला काटा नव्हता, घड्याळ नव्हतं. धुराड्याला पंज्याएवढी एक झडप होती. आई ती उघडायची, तोंड आत न्यायची, छातीभर श्वास घ्यायची आणि सांगायची. पांढरा, दाट धूर म्हणजे मांस कडू होणार, दार उघडा. पातळ, निळा धूर म्हणजे ठीक चाललंय. दिवसातून पन्नास वेळा तरी ती झडप उघडत असेल. "माझ्या बायकोच्या नाकासारखं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही," आप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मागून आई ओरडायची, "यंत्राला निदान रविवारी सुट्टी असते!"

आणि आप्पांचा सिद्धान्त होता की निळ्या धुराने कुणाचं कधी वाईट होत नाही. वाईट तो पांढरा. निळा उलट छाती मोकळी करतो. पोरांना सर्दी झाली की ते त्यांना भट्टीच्या बाजूला उभं करायचे. त्यावर या घरातल्या तीन मुलांनी चाळीस वर्षांत कधी शंका घेतली नव्हती.

थोरलीने घेतली होती. म्हणजे घ्यावी लागली होती, तीन महिन्यांपूर्वी.

आप्पांना दवाखान्याचा वास सहन होत नाही, म्हणून आईला फुफ्फुसाच्या डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली होती. डॉक्टर तरुण, हसतमुख. छातीचा फोटो दिव्यावर लावून म्हणाले, "किती वर्षं सिगारेट ओढताय आजी?" आई म्हणाली, "एकसुद्धा नाही." "मग चुलीवर स्वयंपाक?" "नाही हो. आमचं दुकान होतं, मांसाला धुरी द्यायचो." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रोज किती तास, किती वर्षं, तोंडाला काही बांधायचात का, एवढं विचारलं. मग हसले नाहीत. एकेचाळीस वर्षांचा धूर आहे हा, म्हणाले, आता तो उलटा फिरायचा नाही.

परतताना गाडीत आई म्हणाली, "आप्पांना सांगायचं नाही."

"आई, आजार सांगावाच लागेल."

"आजार सांग. फुफ्फुसं थकली म्हण, वय झालं म्हण. कशाने ते नाही सांगायचं." तिने दम घेतला. "मी जाणार ती जाणारच गं. पण तो माणूस अजून दहा वर्षं तरी राहणार आहे. ती भट्टी त्याने मला लग्नानंतर पहिली वस्तू म्हणून करून दिली. स्वतः लोखंडाला डाग देऊन, बोटं भाजून घेऊन. हे कळलं तर तो त्या दहा वर्षांत एक घाससुद्धा गिळणार नाही. शब्द दे."

थोरलीने गाडी बाजूला लावली आणि शब्द दिला. मग तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकून ती रडली, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कोण कुणाला धीर देत होतं कुणास ठाऊक.

"मला वाटतं," थोरली आता म्हणाली, "भट्टी मधल्याच्या वर्कशॉपच्या अंगणात नेऊ. जागा मोठी आहे. मांस तिकडे करू आणि पेट्यांतून इकडे आणू."

"हो, ताई म्हणते ते बरोबर आहे," मधला लगेच म्हणाला. "ऑक्सिजनच्या मशीनजवळ आग नको, आप्पा."

"बारा फूट, म्हटलं ना! आणि आग भट्टीच्या पोटात असते, अंगणात नाही. धूर तेवढा बाहेर येणार, तोही निळा."

"धूरही नको," थोरली म्हणाली. "आईला त्रास होईल."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर."

तोंडातून निघून गेलं, आणि त्याच क्षणी तिला कळलं की हात दाखवून अवलक्षण केलं. आप्पा ताठ बसले.

"डॉक्टर म्हणाले? निळ्या धुराचं म्हणाले? मग सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर. बघतोच मी त्यांना. विचारतो, कसला धूर, किती धूर. चार महिने झाले, मला कुणी धड काही सांगत नाही. वास सहन करीन मी. नाकाला रुमाल लावून बसेन."

तो तरुण, हसतमुख डॉक्टर. त्याला कुणी साधं विचारलं की तो साधंच सांगणार.

"नाही आप्पा," ती म्हणाली. "डॉक्टर तसं काही म्हणाले नाहीत. मीच म्हणतेय."

"म्हणजे खोटं बोललीस?" धाकटी म्हणाली.

"मला वाटलं म्हणून बोलले."

"तुला वाटलं! ताई, सगळं तुलाच का गं वाटतं? औषध तू ठरवणार, नर्स तू ठरवणार, मी फोन केला की 'आई झोपलीये' तू सांगणार. आप्पा बिचारे पहिल्यांदा काहीतरी मागतायत, तेही आईसाठी, आणि तू त्यातही आडवी."

"तसं नाहीये."

"मग कसं आहे? सांग ना! कारण सांग एक."

कारण होतं. कारण तिच्या जिभेच्या टोकावर बसलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तिने मधल्याकडे पाहिलं. पण मधला आप्पांकडे पाहत होता. आप्पांच्या हनुवटीखालची कातडी थरथरत होती, आणि ते बघून त्याने मघाचं मत बदललं होतं. तो लहानपणापासून असाच. कुणाचे डोळे ओले दिसले की त्याचा पक्ष ठरला.

"बारा फुटांचे पंधरा करू," तो म्हणाला. "मी मधे पत्रा उभा करतो. ताई, जाऊ दे ना. आईला बरं वाटेल."

तिघे एका बाजूला झाले. थोरलीला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तिला जे सुचलं ते इतकं वाईट होतं की बोलताना तिचे स्वतःचेच कान जळले.

"बासष्ट माणसं येणार. नळी नाकात घातलेली आई खिडकीत बसवून सगळ्यांना दाखवायची, हे मला बरं दिसत नाही."

"तुला आईची लाज वाटते?" धाकटीने अगदी हळू विचारलं.

थोरलीने हातातल्या फॉर्मची घडी घातली. नाही म्हटलं असतं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, लेकीकडे नीट पाहिलं, आणि नजर काढून घेतली. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी तिच्यावरून अशी नजर कधी काढून घेतली नव्हती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ग्लासवर चमचा वाजला. आईला हाक मारायला दम पुरत नसे, म्हणून चमचा. दोनदा म्हणजे पाणी, तीनदा म्हणजे कुणीतरी या. हा वाजतच राहिला.

सगळे धावले. आई उशांना टेकून बसली होती, गालांवर लाली. दार उघडं होतं, म्हणजे सगळं ऐकलं होतं. मशीन कोपऱ्यात घरघरत होतं.

"तिला बोलू नका," ती म्हणाली. एक श्वास. "माझंच सांगणं आहे. मीच बजावलं होतं तिला. भट्टी इथे नको."

"अगं, पण का?" आप्पा पलंगाच्या कडेवर बसले. "तुझ्यासाठीच तर आणतोय. तू वास घ्यायचास, सांगायचंस..."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. थोरलीला वाटलं, आता ही सांगणार. तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"मला आवडत नाही," आई म्हणाली.

"काय आवडत नाही?"

"धूर. तो वास. ते मांस." दर शब्दाला ती थांबत होती. "कधीच आवडलं नाही. पहिल्या दिवसापासून."

आप्पा हसले. थट्टाच वाटली त्यांना. मग हसू जागच्या जागी विरलं.

"काहीतरीच काय! खांद्याच्या करपलेल्या कडा मी तुझ्यासाठी काढून ठेवायचो. दर शनिवारी. गिऱ्हाईक दुप्पट पैसे देत होतं तरी दिल्या नाहीत कुणाला."

"तुम्ही एवढ्या हौसेने द्यायचात. काय बोलणार?"

"एकेचाळीस वर्षं?"

"पहिल्या वर्षी बोलले नाही. मग राहूनच गेलं." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "आता शेवटी तरी नको हो तो वास. रागावू नका."

थोरली तेरा वर्षांची असतानाची एक दुपार तिला आठवत होती. दुकानाच्या मागच्या पायरीवर आई बसलेली, मांडीवर बशी, बशीत त्या काळ्या, कुरकुरीत कडा. डोळे मिटून एकेक तुकडा चघळत होती. लेक दिसताच बशी पदराआड लपवून म्हणाली होती, "पळ. आठवड्यात एकच सुख आहे माझं, त्यात वाटेकरी नको." आणि तीच बाई आज श्वासाला महाग झालेली, आयुष्यातलं ते एकुलतं सुख नाकबूल करत होती. तेही तोंड वाकडं न करता.

आप्पा उठले. मागच्या दाराने अंगणात गेले. धाकटी आईच्या पायांशी बसून रडायला लागली. मधला उगाचच मशीनचा काटा बघत उभा राहिला, जणू दुरुस्तीला आलाय. थोरली आप्पांच्या मागे गेली.

ते मागच्या भिंतीपाशी, भट्टीच्या समोर उभे होते. ऊन चढलं होतं. भट्टी म्हणजे एक जुना बॉयलर, आडवा पाडून, पोटाला दार, एका टोकाला धुराडं. डाग दिलेले सांधे बोटभर जाड, शिकाऊ हाताचे. आप्पांनी सकाळीच ती घासून ठेवली होती. बाजूला सफरचंदाच्या लाकडाचे ओंडके नीट रचले होते.

"तू कधी खोटं बोलली नाहीस माझ्याशी," ते वळून न बघता म्हणाले. "मधला बोलतो, धाकटी तर दिवसातून तीनदा बोलते. तू नाही. मघाचं डॉक्टरांचंसुद्धा तुला दोन मिनिटं पेललं नाही. म्हणून तुला विचारतो."

"विचारा आप्पा."

"तिला खरंच आवडत नव्हतं? का मला दुसरं काही सांगायचं टाळतेय ती?"

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या अंगणात कुणीतरी सतरंजी झटकत होतं. थोरली ते झटकणं ऐकत राहिली. एका शब्दाचं उत्तर होतं. 'आवडायचं' म्हटलं, की बापाचं आयुष्य त्याला परत मिळणार होतं, आणि लगेच पुढचा प्रश्न येणार होता, मग धूर का नको? आणि त्या प्रश्नाच्या पलीकडे तो डॉक्टर बसला होता.

"नव्हतं आवडत, आप्पा," ती म्हणाली. "कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग ओंडक्यांवर बसले आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकून रडले. पुरुषमाणसाने रडू नये वगैरे त्या घरात कुणी मानत नव्हतं, तरी थोरलीने बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. ती शेजारी बसली. खांद्यावर हात ठेवायचं धाडस तिला झालं नाही. आपण आत्ता या माणसाचं काय काढून घेतलं ते तिला पक्कं माहीत होतं.

"मूर्ख माणूस मी," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. "बायकोला आवडत नाही तिथे उभी केली तिला. वर लोकांना कौतुक सांगत बसलो. एकदा विचारायला काय झालं होतं?"

"तुम्हाला कसं कळणार?"

"विचारलं की कळतं." त्यांनी नाक पुसलं. "रविवारला किती दिवस आहेत?"

"आठ."

"आठ दिवस आहेत." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "भट्टी मधल्याकडे ने. मांस तिकडे होऊ दे, लोक येणार, त्यांना घालायला हवं. बंद पेट्यांतून आणा, अंगणाच्या त्या टोकाला वाढा, वारा घराकडे येत नसला तर. आणि मी काही रविवारी भट्टीपाशी थांबायचा नाही. मी तिच्याजवळ."

"बरं."

ते आत गेले. थोरली अंगणातच राहिली. तिला आत जायचं नव्हतं, धाकटीचं तोंड बघायचं नव्हतं. फॉर्म हातातच होता. तिने भट्टीच्या ओळीवर रेघ मारली आणि 'वर्कशॉप' लिहिलं.

आईची खिडकी उघडी होती. आतून आप्पांचा आवाज आला, घोगरा, लग्न ठरवायला आलेल्या मुलासारखा अवघडलेला.

"मग तुला आवडतं तरी काय?"

आई विचार करत असावी. खोटं एकदा बोललं की त्याला पुढचा घास भरवावा लागतो. मग ती काहीतरी म्हणाली, इतकं हळू की अंगणात ऐकू आलं नाही, आणि आप्पा म्हणाले, "एवढंच?" आणि आई हसली. हसता हसता खोकली, खोकता खोकता पुन्हा हसली.

आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डोळे सुजलेले, पण आवाज काउंटरवरचा, गिऱ्हाईक तीन रांगा मागे असलं तरी ऐकू जाईल असा.

"थोरले! लिहून घे. उकडलेले बटाटे. सालासकट. वर लोणी आणि मीठ, बाकी काही नाही. सगळ्यांनी तेच खायचं आधी, मग मांस. बासष्ट माणसांना किती लागतील गं?"

"माणशी दोन धरा, आप्पा," थोरली म्हणाली. आईला आता दिवसभरात चार चमचे पेजही उतरत नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"माणशी दोन," आप्पा म्हणाले. "तिला सहा धर. एकेचाळीस वर्षं खाल्ले नाहीत तिने."

थोरलीने लिहून घेतलं.